डॉक्टरांच्या नोंदणीवर तातडीचे निर्बंध : नागपूरच्या रुग्णांसाठी आणि डॉक्टरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात धंतोली, रामदासपेठ किंवा मेडिकल चौकाच्या परिसरात उपचारांत काही गंभीर बिघडले, की नातेवाइकांच्या तोंडी पहिला प्रश्न येतो तो म्हणजे, 'चौकशी होईल तेव्हा होईल, पण तोपर्यंत हा डॉक्टर रुग्ण तपासतच राहणार का?' त्याच वेळी ज्या डॉक्टरविरुद्ध तक्रार झाली आहे त्याला वेगळीच धास्ती असते, की काहीही सिद्ध होण्यापूर्वीच आपले काम बंद तर होणार नाही ना. दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि दोघांनाही बहुतेक वेळा चुकीची माहिती मिळते. पुढील उत्तरे या दोघांनाही डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. ती सर्वसाधारण स्वरूपाची आहेत, त्यामुळे प्रत्यक्ष प्रकरणात वकिलाचा सल्ला घ्यावा.

तातडीचे निलंबन आणि शिक्षा म्हणून झालेले निलंबन यांत फरक काय?

शिक्षा चौकशीच्या शेवटी येते आणि ती झालेल्या गैरवर्तनाबद्दल असते. तातडीचा निर्बंध चौकशीच्या आधी किंवा चौकशी चालू असताना येतो आणि त्याचा रोख पुढे होऊ शकणाऱ्या हानीकडे असतो. म्हणून तातडीचा आदेश देताना 'डॉक्टर दोषी आहे का' हा प्रश्न ठरवायचा नसतो. चौकशी पूर्ण होईपर्यंत त्याला पूर्ववत काम करू दिले तर रुग्णांना खरोखर धोका आहे का, एवढेच पाहायचे असते. हा फरक मान्य केला की बाकीचे बरेचसे आपोआप ठरते. आदेश धोक्याच्या मापाचा असावा, मुदतीचा असावा, त्यात कारणे लिहिलेली असावीत आणि चौकशी लांबली म्हणून तो नकळत शिक्षेचे रूप घेणार नाही, याची काळजी घेतलेली असावी.

महाराष्ट्रात हा अधिकार नेमका कोणाकडे आहे?

अॅलोपॅथीच्या डॉक्टरांबाबत तो महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे आहे. परिषद महाराष्ट्र वैद्यक परिषद अधिनियम, १९६५ खाली काम करते आणि तिचे कार्यालय मुंबईत आहे. त्याच्या वर राष्ट्रीय पातळीवर राष्ट्रीय वैद्यकीय आयोग अधिनियम, २०१९ आहे. या अधिनियमानुसार २५ सप्टेंबर २०२० पासून जुन्या भारतीय वैद्यक परिषदेची जागा आयोगाने घेतली. मात्र गैरवर्तनाच्या तक्रारीवर पहिली कारवाई राज्य परिषदेनेच करायची, असे या नव्या अधिनियमाचे कलम ३० सांगते. आयुर्वेद व युनानी, होमिओपॅथी आणि दंतवैद्यक यांच्या परिषदा स्वतंत्र आहेत. त्यामुळे तक्रार करण्यापूर्वी डॉक्टर कोणत्या नोंदवहीत आहे हे पाहून घ्यावे. चुकीच्या परिषदेकडे गेलेली तक्रार परत येईपर्यंत काही महिने वाया जातात आणि ज्या प्रकरणात घाई होती त्यातच हे घडले, तर ती हानी भरून येत नाही.

पण परिषद चौकशीपूर्वी डॉक्टरला थांबवू शकते, असे कुठे लिहिले आहे?

१९६५ च्या अधिनियमातील कलम २२ मधली ताकीद देण्याची किंवा नोंदवहीतून नाव काढण्याची कारवाई ही चौकशीत दोष आढळल्यानंतरची आहे. चौकशी चालू असतानाचा अधिकार शोधायचा तर व्यावसायिक आचरण, शिष्टाचार व नीतिमत्ता यांविषयीच्या २००२ च्या विनियमांकडे जावे लागते. त्यांच्या आठव्या प्रकरणात विनियम ८.५ आहे. तक्रार प्रलंबित असताना, जी प्रक्रिया किंवा जो व्यवसाय तपासणीखाली आहे तो करण्यापासून परिषद डॉक्टरला रोखू शकते, असा त्याचा आशय आहे.

हे एकच वाक्य आहे, पण त्यावर बरेच काही अवलंबून आहे. पहिली गोष्ट म्हणजे हा ऐच्छिक अधिकार आहे. परिषदेने तो प्रत्येक तक्रारीत वापरलाच पाहिजे असे नाही. दुसरी आणि अधिक महत्त्वाची गोष्ट ही, की वाक्याचा रोख 'तपासणीखाली असलेल्या' कामावर आहे. समजा, एका शल्यचिकित्सकाविरुद्ध दुर्बिणीद्वारे केलेल्या एका विशिष्ट शस्त्रक्रियेत वारंवार गंभीर गुंतागुंत झाल्याची तक्रार आहे. अशा वेळी परिषद त्याला ती शस्त्रक्रिया करण्यापासून रोखू शकते, हे स्पष्टच आहे. पण बाह्यरुग्ण तपासणी, जखमेची मलमपट्टी किंवा औषधयोजना यांविषयी काहीच तक्रार नसेल, तर त्याचा संपूर्ण व्यवसाय बंद करणे या वाक्यात बसते का? माझ्या मते बसत नाही. त्यासाठी तक्रार मुळातच संपूर्ण व्यवसायाला स्पर्श करणारी हवी, उदाहरणार्थ बनावट पदवीवर नोंदणी मिळवल्याची किंवा तपासणीच्या वेळी रुग्णांशी लैंगिक गैरवर्तन केल्याची. अशा आरोपांत धोका एखाद्या शस्त्रक्रियेपुरता मर्यादित राहत नाही, तो डॉक्टर आणि रुग्ण एका खोलीत येतात त्या प्रत्येक वेळी असतो.

२०२३ मध्ये नवे नियम आले होते ना? मग २००२ चे अजून कसे लागू?

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २ ऑगस्ट २०२३ रोजी नवे आचरण विनियम अधिसूचित केले होते. जेनेरिक औषधे लिहून देण्याच्या सक्तीसह अनेक तरतुदींवर डॉक्टरांच्या संघटनांनी आक्षेप घेतले आणि त्याच महिन्यात, २३ ऑगस्टला, आयोगाने ते स्थगित ठेवून २००२ चे विनियम पुन्हा लागू केले. म्हणून तक्रारीत २००२ च्याच विनियमांचा आधार घ्यावा.

डॉक्टरचे म्हणणे न ऐकताच असा आदेश काढता येतो का?

सर्वसाधारण नियम ऐकूनच निर्णय घेण्याचा आहे. विनियम ८.२ डॉक्टरला स्वतः किंवा वकिलामार्फत म्हणणे मांडण्याची संधी देतो. तथापि धोका इतका जवळचा असेल की नोटीस, उत्तर आणि सुनावणी यांत जाणाऱ्या दिवसांत रुग्णाचा जीव जाऊ शकेल, तर आधी आदेश आणि लगेच नंतर सुनावणी हा मार्ग भारतीय न्यायालयांनी तत्त्वतः मान्य केलेला आहे. मनेका गांधी प्रकरणात (१९७८) पारपत्र जप्त करताना आगाऊ सुनावणी शक्य नसली तरी नंतरची सुनावणी दिलीच पाहिजे, हा विचार सर्वोच्च न्यायालयाने मांडला. पुढे लिबर्टी ऑइल मिल्स प्रकरणात (१९८४) अंतरिम स्वरूपाच्या आदेशांबाबत त्याची अधिक चर्चा झाली. ही प्रकरणे डॉक्टरांविषयीची नव्हती, पण तत्त्व तेच आहे.

यात 'लगेच' या शब्दाला किंमत आहे. एकतर्फी आदेश काढून सुनावणीची तारीख दोन महिन्यांनंतरची देणे म्हणजे तातडीचे कारण स्वतःच खोटे ठरवणे होय. काही तासांची सूचना देणे शक्य असेल तर ती दिली पाहिजे. आज दृक्‌श्राव्य माध्यमातून नागपुरात बसलेल्या डॉक्टरचे म्हणणे त्याच दिवशी ऐकणे अशक्य राहिलेले नाही.

सोनोग्राफी केंद्राला मात्र एका दिवसात टाळे लागते, ते कसे?

कारण तिथे वेगळा आणि अधिक कडक कायदा आहे. गर्भधारणापूर्व व प्रसवपूर्व निदान तंत्र (लिंग निवड प्रतिबंध) अधिनियम, १९९४ च्या कलम २० नुसार समुचित प्राधिकाऱ्याने सामान्यतः नोटीस देऊन आणि ऐकून घेऊनच केंद्राची नोंदणी निलंबित किंवा रद्द करायची असते. पण त्याच कलमाच्या पोटकलम (३) मध्ये, सार्वजनिक हितासाठी आवश्यक वाटल्यास लेखी कारणे नोंदवून नोटिशीशिवायही नोंदणी निलंबित करता येते. नागपूर शहरात हे काम महानगरपालिकेच्या आरोग्य विभागाकडे आणि ग्रामीण भागात जिल्हा शल्य चिकित्सकांकडे येते. प्राधिकाऱ्याला तपासणीचे, कागदपत्रे आणि यंत्र मोहोरबंद करण्याचे वेगळे अधिकार कलम ३० खाली आहेत. वर्तमानपत्रात 'सोनोग्राफी यंत्र सील' अशी बातमी येते ती बहुधा याविषयीची असते.

इथे एक गल्लत नेहमी होते. निलंबित होते ती केंद्राची नोंदणी असते. डॉक्टरची स्वतःची वैद्यकीय नोंदणी हा वेगळा विषय आहे आणि तिच्यासाठी कलम २३ (२) आहे. न्यायालयाने दोषारोप निश्चित केले, की प्राधिकाऱ्याने डॉक्टरचे नाव राज्य वैद्यक परिषदेला कळवायचे आणि परिषदेने खटल्याचा निकाल लागेपर्यंत नोंदणीच्या निलंबनासह आवश्यक ती कारवाई करायची, असे हे कलम सांगते. दोष सिद्ध झाल्यास पहिल्या गुन्ह्यासाठी पाच वर्षे आणि त्यानंतरच्या गुन्ह्यासाठी कायमचे नाव काढले जाते. स्त्रीरोगतज्ज्ञांच्या महासंघाने या तरतुदींना आव्हान दिले होते, ते सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये फेटाळले. नुसती धाड पडणे किंवा तक्रार दाखल होणे आणि दोषारोप निश्चित होणे यांत कायद्याच्या दृष्टीने मोठे अंतर आहे, हे रुग्णांच्या नातेवाइकांनी आणि पत्रकारांनीही लक्षात ठेवावे.

केंद्राच्या निलंबनाविरुद्ध दाद कुठे मागायची?

आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत कलम २१ खाली अपील करता येते. आदेशात कारणेच नसतील, तर तो मुद्दा अपिलात सर्वांत आधी घ्यावा.

परिषद एखादे रुग्णालय बंद करू शकते का?

नाही. वैद्यक परिषदेचा अधिकार तिच्या नोंदवहीत नाव असलेल्या व्यक्तीवर चालतो. इमारत, संस्था किंवा व्यवस्थापन यांच्यावर तो चालत नाही. महाराष्ट्रात खाजगी रुग्णालयांची नोंदणी महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम, १९४९ खाली होते. नागपूर शहरात ती महानगरपालिका करते आणि ती रद्द करण्यापूर्वी आगाऊ नोटीस द्यावी लागते. केंद्राच्या २०१० च्या वैद्यकीय आस्थापना अधिनियमात, रुग्णांच्या आरोग्यास निकटचा धोका असल्यास नोंदणी रद्द केल्यानंतर आस्थापनेला ताबडतोब काम थांबवायला लावण्याची सोय आहे. पण महाराष्ट्राने तो अधिनियम स्वीकारलेला नाही. त्यामुळे समाजमाध्यमांवर त्या कायद्याचा दाखला देऊन फिरणारे सल्ले इथे उपयोगाचे नाहीत.

अवयव प्रत्यारोपण करणाऱ्या रुग्णालयांची गोष्ट निराळी आहे. १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण अधिनियमात, सार्वजनिक हितासाठी लेखी कारणे देऊन नोटिशीशिवाय नोंदणी निलंबित करण्याचा अधिकार समुचित प्राधिकाऱ्याला आहे.

पोलिसांत गुन्हा नोंदला गेला, तर नोंदणी आपोआप निलंबित होते का?

होत नाही. भारतीय न्याय संहितेचे कलम १०६ (१) १ जुलै २०२४ पासून लागू आहे आणि त्यात उपचारादरम्यान निष्काळजीपणामुळे मृत्यू झाल्यास नोंदणीकृत डॉक्टरला दोन वर्षांपर्यंत कारावास आणि दंड सांगितला आहे. पण गुन्हा नोंदवणे हा तपासाचा आरंभ आहे. जेकब मॅथ्यू प्रकरणात (२००५) सर्वोच्च न्यायालयाने, तपास अधिकाऱ्याने आधी स्वतंत्र वैद्यकीय मत घ्यावे आणि केवळ आरोप झाला म्हणून डॉक्टरला सरसकट अटक करू नये, असे बजावले आहे. पोलिस, ग्राहक आयोग आणि वैद्यक परिषद या तीन स्वतंत्र वाटा आहेत. ग्राहक आयोग भरपाई देऊ शकतो, पण डॉक्टरला रुग्ण तपासण्यापासून रोखू शकत नाही. ज्यांना खरोखर पुढच्या रुग्णांची काळजी आहे त्यांनी केवळ गुन्हा नोंदवून थांबू नये, परिषदेकडेही जावे.

मेडिकल किंवा मेयोमधील डॉक्टर 'सस्पेंड' झाला, म्हणजे त्याची नोंदणी गेली का?

नाही, ते सेवेतील निलंबन आहे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, अर्थात आपले मेडिकल, आणि इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे मेयो, येथील शासकीय सेवेतील डॉक्टरांना महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ लागू आहेत. विभागीय चौकशी करण्याचे योजले असताना, ती प्रलंबित असताना किंवा फौजदारी तपास चालू असताना निलंबित करता येते, आणि ४८ तासांहून अधिक काळ कोठडीत राहिल्यास कर्मचारी निलंबित झाल्याचे मानले जाते. या काळात निर्वाह भत्ता मिळतो. २०१५ च्या अजयकुमार चौधरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की दोषारोपपत्र दिले गेले नसेल तर निलंबन तीन महिन्यांपलीकडे चालू ठेवू नये. एम्स केंद्राची संस्था असल्याने तिथे राज्याचे हे नियम लागत नाहीत. अशा निलंबित डॉक्टरची वैद्यकीय नोंदणी शाबूत असते. नोंदणीवर कारवाई हवी असल्यास परिषदेकडे वेगळी तक्रार करावी लागते.

तक्रारदाराने तातडीच्या निर्बंधाची मागणी कशी करावी?

बहुतेक तक्रारी इथेच कमी पडतात. पंधरा-वीस पाने भरून झालेल्या अन्यायाची हकिगत लिहिलेली असते आणि शेवटी 'कठोरात कठोर कारवाई व्हावी' असे वाक्य असते. ते दुःख खरे असते, त्याबद्दल शंका नाही. पण परिषदेला तातडीचा आदेश द्यायचा तर तिला पुढचा धोका दिसावा लागतो आणि तो त्या पानांत सापडत नाही.

म्हणून मूळ तक्रारीसोबत एका पानाचा स्वतंत्र अर्ज द्यावा. विनियम ८.५ खाली कोणत्या नेमक्या प्रक्रियेपासून डॉक्टरला रोखावे अशी विनंती आहे, ते पहिल्याच परिच्छेदात लिहावे. त्यानंतर तो धोका आजही कसा कायम आहे हे सांगावे. डॉक्टर तीच प्रक्रिया अजून करत आहे का, इतर रुग्णांच्या बाबतीतही तसेच घडल्याचा कागदोपत्री आधार आहे का, रुग्णालयाने स्वतःहून काही पावले उचलली आहेत का, हे मुद्दे त्यात यावेत. एकच घटना असेल तर तिचे स्वरूप इतके गंभीर का आहे ते दुसऱ्या तज्ज्ञाच्या लेखी मताने दाखवावे, कारण व्यावसायिक अकार्यक्षमतेचा निर्णय समव्यावसायिकांनी करायचा असतो, असे विनियम ८.६ सांगतो.

कागदपत्रे आधी मिळवा. रुग्णाने किंवा अधिकृत नातेवाइकाने मागणी केल्यावर डॉक्टरने ७२ तासांत नोंदी दिल्या पाहिजेत आणि आंतररुग्णांच्या नोंदी तीन वर्षे जपल्या पाहिजेत. नोंदी नाकारणे हे स्वतःच गैरवर्तन आहे. मागणी लेखी करा आणि पोच घ्या. तोंडी मागणीचा पुरावा उरत नाही.

नागपूरहून मुंबईला प्रत्येक तारखेला जावे लागेल का?

सुनावणी परिषदेच्या कार्यालयात असते आणि हे अंतर रेल्वेने ८०० किलोमीटरहून अधिक आहे. रात्रभराचा प्रवास, मुक्काम आणि बुडालेली मजुरी यांचा हिशेब भांडेवाडी किंवा उमरेडच्या कुटुंबाला परवडत नाही, आणि डॉक्टरलाही त्या दिवशीचे रुग्ण सोडून जावे लागते. तातडीच्या अर्जावर दूरस्थ सुनावणीची लेखी विनंती अर्जातच करून ठेवावी. ही व्यवस्था विदर्भासाठी नेहमीची व्हावी, असे मला मनापासून वाटते.

हा निर्बंध किती दिवस टिकतो?

विनियम ८.५ मध्ये स्वतंत्र मुदत दिलेली नाही, तो 'तक्रार प्रलंबित असताना' लागू राहतो. विनियम ८.४ मात्र तक्रारीचा निर्णय सहा महिन्यांत व्हावा असे सांगतो. दोन्ही एकत्र वाचले तर निर्बंधाची अपेक्षित मर्यादाही सहा महिन्यांचीच ठरते. चौकशी त्यापलीकडे गेली तर डॉक्टरने निर्बंधाचा फेरविचार मागावा, आणि तक्रारदाराने निर्बंध टिकवण्याऐवजी चौकशी संपवण्याचा आग्रह धरावा.

इतर देशांत काय पद्धत आहे?

ब्रिटनचा अनुभव शिकण्यासारखा आहे. हॅरोल्ड शिपमन या डॉक्टरला सप्टेंबर १९९८ मध्ये अटक झाली, जानेवारी २००० मध्ये १५ रुग्णांच्या खुनाबद्दल शिक्षा झाली आणि त्यानंतरच त्याचे नाव नोंदवहीतून निघाले. त्याच वर्षी तेथील जनरल मेडिकल कौन्सिलला अंतरिम आदेशांचे व्यापक अधिकार मिळाले. आज तिथे लोकांचे संरक्षण, सार्वजनिक हित किंवा खुद्द डॉक्टरचे हित यांपैकी कोणत्याही कारणासाठी अंतरिम निलंबन करता येते किंवा अटी घालता येतात. आदेश जास्तीत जास्त १८ महिन्यांचा असतो, पहिला आढावा सहा महिन्यांत घ्यावा लागतो आणि मुदत वाढवायची तर उच्च न्यायालयात जावे लागते. ऑस्ट्रेलियातही लोकांना गंभीर धोका असल्यास तत्काळ कारवाईची तरतूद आहे.

'डॉक्टरचे हित' हे कारण वाचून काहींना आश्चर्य वाटेल. पण व्यसन किंवा मानसिक आजार यांनी ग्रासलेल्या डॉक्टरला काही काळ कामापासून दूर ठेवणे हे त्याच्याही भल्याचे असते. आपल्या २००२ च्या विनियमांच्या आठ प्रकरणांत आजारी डॉक्टरसाठी एकही प्रकरण नाही. त्यामुळे सहकाऱ्यांना एक तर गप्प बसावे लागते किंवा गैरवर्तनाची तक्रार करावी लागते. गरज मदतीची असताना तक्रार करायला कोणाचाच हात धजत नाही आणि रुग्णांचा धोका तसाच राहतो.

निर्बंध आला तर डॉक्टरने पहिल्या आठवड्यात काय करावे?

आदेशाचे शब्द नीट वाचावेत. फक्त एका प्रक्रियेवर निर्बंध असेल तर बाकीचे काम चालू ठेवता येते, पण संपूर्ण व्यवसायावर असेल तर सही, शिक्का आणि प्रिस्क्रिप्शन सर्व थांबवावे. नोंदवहीत नाव नसताना व्यवसाय करणे हा २०१९ च्या अधिनियमाच्या कलम ३४ खाली एक वर्षापर्यंत कारावास किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, असा गुन्हा आहे. दाखल असलेल्या आणि ठरलेल्या रुग्णांची व्यवस्था दुसऱ्या डॉक्टरकडे लेखी नोंदीसह करावी. जुन्या नोंदींत एक अक्षरही बदलू नये. घाबरून केलेली एक दुरुस्ती मूळ तक्रारीपेक्षा जड जाते.

परिषदेच्या निर्णयाविरुद्ध अपील कोण करू शकतो?

डॉक्टरला आयोगाच्या नीतिमत्ता व वैद्यकीय नोंदणी मंडळाकडे आणि तिथेही समाधान न झाल्यास ६० दिवसांत खुद्द आयोगाकडे अपील करता येते. रुग्णांची स्थिती अडचणीची आहे. २००२ च्या विनियम ८.८ मध्ये 'निर्णयाने व्यथित कोणतीही व्यक्ती' असे शब्द होते, पण २०१९ च्या कलम ३० मध्ये अपिलाचा हक्क देताना फक्त डॉक्टरचा उल्लेख आहे, आणि त्याचा आधार घेऊन आयोगाने रुग्णांची अपिले परत केली आहेत. ही विषमता दूर झाली पाहिजे. ज्याने मूल किंवा जोडीदार गमावला त्याला वरच्या पायरीवर उभेच राहू न देणे न्याय्य नाही.

तोपर्यंत रुग्णासाठी घटनेच्या अनुच्छेद २२६ खालील रिट याचिकेचा मार्ग खुला आहे. त्यासाठी मुंबई उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ सिव्हिल लाइन्समध्येच आहे. परिषदेने तातडीच्या अर्जावर निर्णयच दिला नसेल, तर 'ठरावीक मुदतीत निर्णय द्या' एवढा आदेश मागणारी याचिका अधिक उपयोगी पडते, कारण धोका आहे की नाही हे वैद्यकीय प्रश्न न्यायालय सहसा परिषदेवरच सोडते.